मतदान सर्वाधिक, खासदार सर्वात लांब

१९ एप्रिल २०२४ रोजी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात जवळपास ७२ टक्के मतदान झालं. त्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ मतदारसंघांपैकी एवढं मतदान कुठंच झालं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत लुगड्यातल्या माडिया आदिवासी बायांच्या रांगांचे फोटो आले, वर ‘लोकशाहीचा उत्सव’ असा मथळा. मला त्या मथळ्याबद्दल तक्रार नाही. त्या रांगा मी वर्गखोलीच्या दारातून पाहिल्या आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. तक्रार आहे ती रांग संपल्यानंतर जे होतं, त्याबद्दल. एवढ्या लांबून येऊन दिलेलं मत पुढे कोणाला जाऊन भिडतं, हा प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत राहून मी वर्षानुवर्षं विचारतो आहे.

मी मूळचा ब्रह्मपुरी तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून एटापल्लीकडे आलो आणि इथलाच झालो. नोकरीत असताना जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत ड्युटी लागली. आधी मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष. त्यामुळे या भागाची निवडणूक मी निकालाच्या आकड्यांतून कमी आणि बूथवरून जास्त ओळखतो. तरी आधी आकड्यांचं बोलू, कारण ते ठाऊक असल्याशिवाय इथल्या माणसाचं दुखणं कळत नाही.

गडचिरोली-चिमूर हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत तयार झाला, अनुसूचित जमातींसाठी राखीव. २००९ ला काँग्रेसचे मारोतराव कोवासे सुमारे २८ हजार मतांनी निवडून आले. २०१४ ला भाजपचे अशोक नेते २ लाख ३६ हजारांवर मतांनी, २०१९ ला तेच ७७ हजारांनी. २०२४ ला काँग्रेसचे डॉ. नामदेव किरसान यांनी अशोक नेते यांना १ लाख ४१ हजारांवर मतांनी हरवलं. पारडं असं लाखालाखाने इकडून तिकडे झुकतं. म्हणजे इथला मतदार कोणाच्या खिशात नाही. जो काम करत नाही असं त्याला वाटतं, त्याला तो घरी बसवतो. राज्यातल्या पुष्कळ ‘जागृत’ शहरांना हे जमलेलं नाही.

आता यातलं दुसरं सत्य. कोवासे आणि नेते गडचिरोलीचे, किरसान गोंदिया जिल्ह्यातले. त्याआधी आमचा भाग चंद्रपूर मतदारसंघात होता. तेव्हाचे शांताराम पोटदुखे, नरेश पुगलिया, हंसराज अहीर हे सगळे चंद्रपूरचे. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, मुलचेरा या पाच तालुक्यांतून शेवटचा माणूस लोकसभेत गेला तो १९७७ साली. अहेरीचे राजे विश्वेश्वरराव. त्यानंतर कोणी नाही. पन्नास वर्षं होत आली.

पोटदुखे चार वेळा निवडून आले, केंद्रात अर्थ राज्यमंत्री झाले. अहिरांनी कोळसा घोटाळ्याचं प्रकरण लावून धरलं. ही माणसं निकामी होती असं मी मुळीच म्हणत नाही. पण चंद्रपूरच्या खासदाराचा दिवस कोळसा खाणी, वीज केंद्र आणि बल्लारपूरची कागद गिरणी यांतच जाणार. त्या गिरणीला लागणारा बांबू आमच्या रानातून जायचा. बांबू तोडणाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न मात्र दिल्लीपर्यंत गेला नाही.

याहून जुनी एक गोष्ट आहे, ती आमच्या पोरांना कोणी सांगत नाही. तेव्हा या मतदारसंघाचं नाव चांदा होतं. १९५२ ला मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली आणि १९५७ ला व्ही. एन. स्वामी, दोघेही काँग्रेसचे, इथून निवडून गेले. १९६२ ला मात्र चांद्याने एका अपक्षाला निवडलं. त्यांचं नाव लालश्यामशाह. ते पानाबरसचे आदिवासी जमीनदार. पानाबरस आज छत्तीसगडमध्ये आहे, म्हणजे राज्याची हद्द ओलांडून आलेला माणूस. पण बोलणं, देव, सोयरीक आणि जंगल एकच, म्हणून लोकांना तो परका वाटला नाही. १९६४ साली त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना आदिवासींच्या जमिनींवर वसवलं जात होतं आणि ज्यांच्या त्या जमिनी, त्यांना कोणी विचारत नव्हतं, म्हणून. मुलचेरा-घोटकडची बंगाली गावं आज आपलीच आहेत, त्या माणसांनीही फार सोसलं, त्यांच्याशी कोणाचं भांडण नाही. मुद्दा खासदाराचा आहे. आपल्या लोकांचं ऐकलं जात नाही एवढ्या कारणासाठी त्या माणसाने दिल्लीतली खुर्ची सोडली. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ म्हणत लोक उठले, तेव्हा बाबा आमट्यांबरोबर हेच लालश्यामशाह उभे होते. ती धरणं झाली नाहीत. झाली असती तर इंद्रावतीकाठची किती माडिया गावं आज पाण्याखाली असती!

१९६७ ला पुन्हा अपक्षच, के. एम. कौशिक. म्हणजे साठच्या दशकात लागोपाठच्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत या भागाने मोठ्या पक्षांना बाजूला ठेवलं होतं. आज मतदारसंघाचा पसारा एवढा वाढला आहे की अपक्षाला सगळीकडे पोचायचं म्हटलं तरी गाडीच्या डिझेलमध्येच तो बुडेल.

हा पसारा कागदावर कळत नाही. वरचं टोक आमगाव-सालेकसा, छत्तीसगड-मध्य प्रदेशाला खेटून. खालचं टोक सिरोंचा, गोदावरी-प्राणहितेच्या काठावर, पलीकडे तेलंगण. मधे साडेतीनशे किलोमीटरहून जास्त रस्ता. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. त्याला गोंदियातला आमगाव आणि चंद्रपूरमधले ब्रह्मपुरी, चिमूर जोडलेले. मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून सुमारे ६०० चौरस किलोमीटर होतात आणि तिथे सहा खासदार आहेत. लोकसंख्येच्या हिशोबाने ते बरोबर आहे, मला ठाऊक आहे. पण मुंबईचा खासदार एका दुपारी सगळा मतदारसंघ फिरून येऊ शकतो. आमचा खासदार आमगावहून पहाटे निघाला तरी एटापल्लीत पोचेपर्यंत दिवस कलतो, आणि गट्टा, जारावंडी, कसनसूर अजून पुढेच असतात.

माझा धाकटा भाऊ ब्रह्मपुरीकडे शेती करतो. २००९ पासून आम्ही दोघे भाऊ एकाच खासदाराला मत देतो. त्याला हवी आहे वाघापासून सुटका. धान कापायला गेलेली बाई संध्याकाळी परत येईल की नाही ही त्याच्या गावची रोजची काळजी. शिवाय धानाचा बोनस, खरेदी केंद्र. इथे आमच्याकडे तेंदूपत्त्याचे पैसे ठेकेदाराकडून वेळेवर मिळणं, पावसाळ्यात नाल्यावर पूल असणं, वनहक्काचा दावा निकाली निघणं आणि सुरजागडच्या खनिजाचे ट्रक ज्या रस्त्यावरून रात्रंदिवस धावतात तो रस्ता माणसांना चालण्याजोगा राहणं. दोघांच्याही मागण्या खऱ्या आहेत, पण एक माणूस दोन्हीकडे पुरत नाही. दिवाळीत भेटलो की भाऊ म्हणतो, “दादा, खासदार तुमच्याकडंच असंल.” मी म्हणतो, आम्हाला वाटलं तो तुमच्याकडे आहे.

आता बूथवर या.

लोकसभेचं मतदान इथे २००९ ला १६ एप्रिलला झालं, २०१४ ला १० एप्रिलला, २०१९ ला ११ एप्रिलला, २०२४ ला १९ एप्रिलला. चारही वेळा ऐन मोहाच्या दिवसांत. ज्यांनी जंगल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोहफूल रात्रीतून गळतं आणि पहाटेच वेचावं लागतं, नाहीतर गुरं, अस्वलं आणि ऊन त्याचा निकाल लावतात. घरातली सगळी माणसं, लेकरासकट, अंधारातच झाडाखाली जातात. वेचलेलं घरी आणून अंगणात वाळत घालेपर्यंत नऊ-दहा वाजतात. वर्षाच्या मिठामिरचीचा पैसा त्यात असतो. एक दिवस सोडणं म्हणजे तेवढी कमाई सोडणं.

आणि आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी या चार विधानसभा क्षेत्रांत मतदानाची वेळ सकाळी सात ते दुपारी तीन. सुरक्षेसाठी. उरलेल्या दोन क्षेत्रांत, म्हणजे माझ्या भावाकडे, संध्याकाळपर्यंत.

गट्ट्याच्या पलीकडच्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो तो दिवस सांगतो. आदल्या दिवशी पोलिसांच्या सी-सिक्स्टी पथकाच्या जवानांबरोबर रांगेने चालत गेलो. दोन माणसांत अंतर ठेवायचं, पायवाट सोडून चालायचं, बोलायचं नाही. मशीनची पेटी आळीपाळीने पाठीवर. रात्री वर्गातच खिचडी शिजवली. पहाटे पोलिंग एजंट म्हणून गावातलाच एक पोरगा आला, त्याच्यासमोर मॉक पोल घेतला, मशीन सील केली, सातला सुरुवात. आठपर्यंत दहा-बारा माणसं. माझ्या जोडीचा नवा मतदान अधिकारी नागपूरकडचा होता. तो म्हणाला, “सर, बहिष्कार दिसतो.” मी म्हटलं, थांबा, मोहा वेचू द्या.

साडेदहानंतर बाया यायला लागल्या. कोणाच्या डोक्यावर टोपली तशीच. टोपल्या शाळेच्या भिंतीला ओळीने टेकवल्या आणि त्या रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्या व्हरांड्याला मोहाचा वास. शाई लावताना मतदान अधिकाऱ्याला आधी बोट पुसावं लागायचं, कारण बोटं मोहाच्या रसाने चिकट झालेली असायची. एका म्हाताऱ्या बाईने पुसायला बोट दिलंच नाही. माडियात काहीतरी बोलली. पोरग्याने सांगितलं, ती म्हणते आधी मत, मग हात धुईन.

नियम असा की तीन वाजता रांगेत जेवढी माणसं उभी असतील त्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून, म्हणजे नंतर कोणी रांगेत घुसू नये. मी चिठ्ठ्या दिल्या. त्यानंतर काही वेळाने दोन टोल्यांवरची माणसं आली. त्यांच्या गावचं केंद्र सुरक्षेसाठी आमच्या शाळेत हलवलं होतं. मोहा वेचून, अंगणात वाळत घालून, मग दोन नाले ओलांडून ती चालत आलेली. जवानांना अंधाराआधी आम्हाला बाहेर काढायचं होतं, त्यांचंही चूक नव्हतं. एक गडी पुढे येऊन म्हणाला, “गुरुजी, आमी आलो जी. आता काय करू?” मी नियम सांगितला. कोणी भांडलं नाही, आरडाओरडा केला नाही. बाया पाणी प्यायल्या आणि सगळे आल्या वाटेने परत गेले. मतांचा हिशोब लिहायच्या सतरा-क नमुन्यावर त्या लोकांसाठी कुठलाही रकाना नाही. मतदानाच्या टक्केवारीत ते ‘मतदान न केलेले’ म्हणून जमा झाले.

वेळ कमी ठेवण्यामागचं कारण खोटं नव्हतं. ८ ऑक्टोबर २००९ ला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, लाहेरीजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस मारले गेले. २०१९ ला मतदानाच्याच दिवशी एटापल्ली तालुक्यात वाघेझरीच्या केंद्राजवळ स्फोट झाला. बूथवर जाताना मतदार आणि जवान दोघांच्याही पोटात गोळा असायचा. पण आता सरकारच सांगतं की दिवस पालटले. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्याचं लोकार्पण केलं, त्या वाटेवर एसटी सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. मला याचा मनापासून आनंद आहे. मग आता तीनची वेळ कशासाठी? रस्ता झाला, बस आली, तर हलवलेली केंद्रं आपापल्या गावी परत का जाऊ नयेत? खनिजाचा ट्रक मध्यरात्रीही जाऊ शकतो त्या तालुक्यात मतदाराने दुपारी तीनला परत फिरावं, हे मला पटत नाही.

मतदारसंघ लहान असला की काय होतं, तेही आम्ही पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत ग्रामसभांनी एकत्र बसून आपले उमेदवार ठरवले. पक्ष नाही, पैसा नाही. भामरागडकडून लालसू नोगोटी आणि एटापल्लीकडून सैनू गोटा निवडून आले. दहा-वीस गावांचा गट होता, पायी फिरता येत होतं, उमेदवार प्रत्येकाला माहीत होता. खाणींबद्दल गावांचं म्हणणं काय आहे ते जिल्हा परिषदेच्या सभागृहात त्यांच्याच माणसाने सांगितलं. ज्या लोकांना बाहेरचे ‘त्यांना राजकारण कळत नाही’ म्हणतात, त्यांनी ते केलं. त्यांना कळत नाही असं नाही, त्यांना पोचता येईल एवढ्या अंतरावर राजकारण आणून ठेवलं जात नाही.

आणि नाराजी सांगायला लोकांनी दुसरी वाटही वापरली आहे. २०१४ आणि २०१९ ला या लोकसभा मतदारसंघात ‘नोटा’ला दोन्ही वेळा चोवीस हजारांहून जास्त मतं पडली. त्यात सगळेच आदिवासी होते असं समजू नका. जिल्ह्यातलं ओबीसींचं आरक्षण ६ टक्क्यांवर आणल्याचा राग कुणबी, तेली, माळी घरांत अनेक वर्षं धुमसत होता.

आता मुद्द्याची गोष्ट. २०२७ ची जनगणना ठरली आहे. लोकसभेच्या जागांची संख्या गोठवणारी घटनेतली तरतूद २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच आहे. म्हणजे आज ना उद्या मतदारसंघांचा नकाशा पुन्हा आखला जाणार. तेव्हा देशात भांडण होईल ते उत्तरेला किती जागा आणि दक्षिणेला किती यावर. एटापल्लीचं नाव त्या भांडणात कोणी घेणार नाही. म्हणून आम्हालाच बोलावं लागेल.

२००२ च्या परिसीमन कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की मतदारसंघ शक्यतो सलग आणि आटोपशीर असावेत, आखताना डोंगर-नद्या, जिल्ह्यांच्या हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. आमचा मतदारसंघ या चारपैकी कुठल्या कसोटीला उतरतो? आमगाव गोंदिया जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्यातल्या बाकी तीनही विधानसभा भंडारा-गोंदिया मतदारसंघात, फक्त आमगाव तोडून इकडे. आमगावच्या माणसालाही आपला खासदार गडचिरोलीला शोधायला का यावं लागावं?

गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला १०.७२ लाख होती. एकट्या जिल्ह्याचा मतदारसंघ होणार नाही, शेजार घ्यावाच लागेल. माझं म्हणणं एवढंच की शेजार खरा घ्या. आमगाव आपल्या जिल्ह्याकडे जाऊ द्या आणि बदल्यात आमच्या जिल्ह्यातल्या वडशाला लागून असलेला अर्जुनी-मोरगाव इकडे द्या. चिमूरला वरोरा-भद्रावती जवळ, ते चंद्रपूर मतदारसंघात जावं. त्याऐवजी राजुरा विधानसभा आमच्याकडे यावी. आष्टीचा वैनगंगेवरचा पूल ओलांडला की गोंडपिपरी, पुढे राजुरा, कोरपना, जिवती. जिवतीच्या डोंगरावरचे कोलाम आणि आमचे माडिया यांची दुखणी एकाच जातीची आहेत: वनहक्क, खाण, रस्ता, शाळा. आदिवासी लोकसंख्येचं प्रमाण कुठे किती राहतं ते आयोगाने तपासावं, आकडे जुळले नाहीत तर दुसरी जोडणी सुचवावी. पण लोकसंख्येची पट्टी लावून झाल्यावर एकदा अंतराची पट्टीही लावावी.

तोवर दोन कामांना कुठल्याही आयोगाची गरज नाही. खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याने एटापल्लीत किंवा अहेरीत कायमचं कार्यालय उघडावं आणि महिन्यातला ठरलेला दिवस तिथे बसावं. आणि निवडणूक आयोगाने पुढच्या मतदानाला अहेरी क्षेत्रातली वेळ निदान पाचपर्यंत करावी.

परिसीमनाचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते. मागच्या वेळी आमच्याकडून कोण गेलं होतं? गेलं असेल तर गावांना त्याचा पत्ता नव्हता. या वेळी एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, मुलचेरा आणि अहेरीतल्या ग्रामसभांनी आत्ताच ठराव करून ठेवावेत, सही-शिक्क्यासह, एक प्रत गावात आणि एक तहसीलला. ठराव लिहायला माणूस लागला तर आम्ही निवृत्त गुरुजी प्रत्येक गावात आहोत. बोलवा, येतो.